हूल

डिसेंबरात सोसायटीच्या क्रीडादिनी मी तब्बल अठ्ठावीस वर्षांनी खो-खो खेळले आणि दुसऱ्याच मिनिटाला हूल दिली. हूल उत्तम होती. पाठलागावरची सी विंगमधली मुलगी माझ्या निम्म्या वयाची, पण साफ फसली. दुर्दैवानं माझा उजवा गुडघाही फसला. अंग डावीकडे निघालं आणि पाऊल पेव्हर ब्लॉकच्या खाचेत होतं तिथेच राहिलं. आतून ‘टक्’ असा आवाज आला. तो मला ऐकू आला, की नुसता जाणवला, हे अजून सांगता येत नाही.

एसीएल नावाचा एक दोर गुडघ्याच्या आत असतो. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा भलताच पिरगळू नये, हे त्याचं काम. पळून पळून तो सहसा तुटत नाही. पाऊल रोवून एकदम दिशा बदलली की तुटतो. म्हणजे शाळेत ज्या एका गोष्टीसाठी मला संघात घ्यायचे, नेमक्या त्याच गोष्टीनं माझा दोर तुटला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं आणि पुण्यात धनकवडीच्या आमच्या हॉलमधल्या दिवाणावर, दोन उशांवर पाय ठेवून माझा मुक्काम पडला.

त्याच जानेवारीत, २०२५च्या, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भरला. मी एकही दिवस सोडला नाही. आम्ही मातीत खेळायचो, गुडघे फुटायचे, संध्याकाळी आई आयोडीन लावायची. इथे गुळगुळीत मॅट, झगझगीत दिवे, निवेदकांचा आरडाओरडा. १९ तारखेच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या भारतीय संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा मी थोडी रडले. गुडघा दुखत होता म्हणून, असं घरात सांगितलं.

चिरंजीव शेजारी बसून पाहत होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत आणि माझ्याशी सहसा जेवणाच्या वेळांपुरतं बोलतात. एक मुलगी दोन बसलेल्यांच्या मधून आत शिरतेय असं दाखवून उलटी फिरली, तेव्हा ते एकदम म्हणाले, “आई, हे तर ड्रिब्लिंग आहे. फक्त बॉल नाहीये.” ड्रिब्लिंग म्हणजे फुटबॉलमध्ये बॉल पायाशी खेळवत समोरच्याला चकवून पुढे जाणं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना त्यांनी प्लेस्टेशनचा कंट्रोलर माझ्या उशाशी ठेवला. “कंटाळलीस तर खेळ. फिफा लावून ठेवलंय.”

आमच्याकडे फिफा २३ आहे, फुटबॉलच्या त्या व्हिडिओ गेमची त्या नावाची शेवटची आवृत्ती. नंतर फिफा या संघटनेशी असलेला करार संपला आणि खेळाचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी झालं. चिरंजीवांच्या मित्रांकडे नवीन आहे, पण तेही फिफाच म्हणतात. कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्याला आजही मेन स्ट्रीट म्हणणाऱ्या गावात याचं कुणाला नवल वाटणार?

कंट्रोलरवर अंगठ्यांसाठी दोन छोट्या दांड्या असतात. डाव्या दांडीनं खेळाडू चालतो, उजवीनं करामती करतो. समोरच्या चार बटणांवर फुली, गोल, चौकोन, त्रिकोण. वरच्या कडेला बोटांसाठी आणखी चार. पन्नाशी दोन वर्षांवर आली असताना मी अंगठाबहाद्दर झाले. सासूबाई समोरच्या खुर्चीत भाजी निवडत बसायच्या. आठवडाभर त्यांनी काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, “ते माणूस कडेकडेनंच का पळतंय? त्याला कुणी मधे घेत नाहीत का?”

त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. मी आर टू दाबूनच धरलेला असायचा. आर टू म्हणजे जोरात धाव. नवशिक्याला वाटतं, हा सोडला तर लोक आपल्याला पकडतील. म्हणून तो सोडतच नाही, आणि नेमका त्यामुळेच पकडला जातो. कारण धावताना खेळाडू बॉल पुढे ढकलतो आणि मागे पळतो. दोन स्पर्शांमधलं अंतर वाढतं. त्या मधल्या वेळात बॉल तुमचाही नसतो आणि त्याचाही नसतो, जो आधी पोचेल त्याचा. आर टू सोडला की स्पर्श बारीक होतात, बॉल पायाला चिकटून राहतो आणि वळताही येतं. पहिले दहा दिवस माझं कर्तृत्व एवढंच: तर्जनी उचलायला शिकले. वाचायला सोपं वाटेल. गर्दीत कुणी अंगावर येत असताना वेग कमी करून बघा.

शाळेतल्या बाई हेच ओरडायच्या. “अगं, पळतेस कशाला? बघ आधी!” खो-खोत पळणारीला घाई नसते. आठ जणी एकाआड एक, उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, नववी पाठलागावर. पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत मागे वळायचं नाही आणि मधली रेषही ओलांडायची नाही. पळणारीला मात्र सगळं मोकळं. त्यामुळे खेळ पायांचा कमी आणि वाट बघण्याचा जास्त. समोरची कधी एकदा ठरवतेय, याची वाट. तिनं ठरवलं की आपण विरुद्ध बाजूला. आपण आधी ठरवलं, तर संपलो.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी तर्जनी उचलत नव्हती.

मग उजवी दांडी. इथे खरी गंमत आहे आणि खरा त्रासही. दांडी ठरावीक तऱ्हेनं फिरवली की खेळाडू ठरावीक करामत करतो. पण ‘पुढे’, ‘मागे’, ‘डावं’, ‘उजवं’ हे टीव्हीच्या पडद्याचं नसतं, त्या खेळाडूचं असतं. तो पडद्यावर डावीकडे तोंड करून पळत असेल तर त्याचं ‘पुढे’ म्हणजे माझ्या अंगठ्याचं डावं, आणि त्याचं ‘उजवं’ म्हणजे माझं वर. चिरंजीव म्हणाले, यालाच लोक सगळ्यात जास्त वेळ अडतात. मी अडले नाही. एकीचं तोंड पूर्वेला, शेजारणीचं पश्चिमेला, अशा रांगेत मी सहा वर्षं बसलेय. पाठीमागून ‘खो’ आला की आपलं उजवं कुठलं याचा विचार करायला तिथे वेळ मिळत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा चिरंजीवांनी माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

नावं मात्र लक्षात राहीनात. म्हणून जुन्या हिशेबाच्या वहीत माझी नावं लिहून काढली. स्टेपओव्हर, म्हणजे बॉलवरून पाय फिरवून जातोय असं भासवणं: दांडी पुढे आणि तिथून बाजूला. त्याला लिहिलं ‘दार लोटणे’. रूले, म्हणजे बॉलवर पाय ठेवून स्वतःभोवती गिरकी: मागून सुरू करून पाऊण वर्तुळ, ‘जात्याचा पाऊण फेरा’. रेनबो, म्हणजे टाचेनं बॉल मागून डोक्यावरून पुढे: खाली, वर, वर. हे म्हणजे सरळ ‘पाखडणे’. आणि इलास्टिको, म्हणजे बॉल एकीकडे ढकलून त्याच पायानं झटकन दुसरीकडे ओढणं: उजवीकडून सुरू करून तळातून डावीकडे अर्धवर्तुळ. ‘कढईचा तळ खरवडणे’ असं लिहिल्यावर तो मला दुसऱ्याच प्रयत्नात जमला. चिरंजीवांना त्यासाठी सातवीची अख्खी दिवाळीची सुट्टी लागली होती. कढई खरवडायचा अनुभव नाही, दुसरं काय!

अर्थात जमला म्हणजे माझ्या संघात ब्राझीलचा नेमार होता म्हणून जमला. या खेळात प्रत्येक खेळाडूला कौशल्याचे एक ते पाच तारे दिलेले असतात आणि इलास्टिको फक्त पाच तारेवाल्याला येतो. गोलकीपरला एकच तारा. त्याला घेऊन कितीही कढई खरवडा, तो ढिम्म. ही मला खेळातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटली. तुमचा अंगठा अचूक असेल, पण ज्याच्या अंगात तुम्ही शिरलात त्याच्यात ते हवं ना. ऑपरेशननंतरच्या गुडघ्याला मी मनातून बऱ्याच आज्ञा देत होते. त्यालाही त्या काळात एकच तारा होता.

गंमत अशी की मेस्सीला चारच तारे. मला हा अन्याय वाटला, म्हणून रात्री पाय ठणकत असताना मोबाईलवर त्याचे जुने सामने पाहत बसले. मग पटलं. तो असलं काही करतच नाही. ना दार लोटत, ना जातं फिरवत. बॉल डाव्या पायाला लावून जवळजवळ चालत येतो, खांदा किंचित पाडतो, समोरचा हलला की दुसऱ्या बाजूनं जातो. तारे मोजायला तिथे काही नसतंच.

त्या जागरणांत मी बरीच मंडळी पाहिली. गारिंचा पाहिला, १९५८ आणि १९६२चे विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलचा. त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला वाकलेले. उजव्या कडेला खेळायचा आणि बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूनं, उजवीकडूनच निसटायचा. समोरच्याला ते माहीत असायचं, प्रेक्षकांना माहीत असायचं, तरी तो जायचाच. कुठे जाणार हे गुपित नव्हतंच, फक्त कधी जाणार एवढं त्याच्याकडे होतं. इलास्टिकोची वंशावळही कळली. लोकांना तो ब्राझीलच्या रोनाल्डिन्योचा वाटतो, त्याआधीच्या पिढीला ब्राझीलच्याच रिव्हेलिनोचा. रिव्हेलिनो मात्र सांगायचा की आपण तो सर्जिओ एचिगोकडून शिकलो, कोरिंथियन्स क्लबमधल्या जपानी वंशाच्या सोबत्याकडून. गुरूचं नाव घेण्याची ही रीत बघून मला सवाई गंधर्वच्या मांडवात बसल्यासारखं वाटलं.

पण सगळ्यात जास्त वेळा पाहिला तो १९ जून १९७४चा डॉर्टमुंडमधला तुकडा. विश्वचषकातला सामना, नेदरलँड्स विरुद्ध स्वीडन. नेदरलँड्सचा क्रॉयफ गोलकडे पाठ करून उभा, मागे स्वीडनचा यान ओल्सन. क्रॉयफ बॉल आत मारणार असा पाय उचलतो आणि त्याच पायानं बॉल स्वतःच्या दुसऱ्या पायामागून ओढून उलटा निघून जातो. ओल्सन भलतीकडेच. तो सामना ०-० सुटला, गोलफलकावर त्या क्षणाची नोंदही नाही. मी तो तुकडा क्रॉयफसाठी पाहायला लागले आणि पाहत राहिले ओल्सनसाठी. पुढे आयुष्यभर लोक त्याला त्याबद्दल विचारत राहिले आणि त्यानं सांगितलं की आपल्याला त्याचा अभिमान वाटतो. मला सी विंगमधली ती मुलगी आठवली. माझ्या ऑपरेशननंतर ती सफरचंदं घेऊन भेटायला आली होती आणि अपराधी चेहऱ्यानं बसली होती. फसली ती, आणि माफीही तीच मागत होती.

मार्चपर्यंत मी संगणकाविरुद्ध बऱ्यापैकी जिंकायला लागले. मग चिरंजीव समोर बसले आणि मला कळलं की मला काहीच येत नाही.

मी दार लोटायचे, ते जागचे हलायचे नाहीत. मी कढई खरवडायचे, ते एक पाऊल मागे. एल टू दाबून धरायचे. बचाव करताना तो धरला की खेळाडू तुमच्याकडे तोंड करून गुडघ्यात वाकतो आणि खेकड्यासारखा आडवा सरकतो. झडप घालत नाही, नुसता वाट अडवतो. माझी करामत संपायची, आणि करामत एकदा सुरू झाली की मला ती मधे थांबवता यायची नाही, त्या अर्ध्या सेकंदात मी बांधलेली असायचे. तेवढ्यात ते शांतपणे बॉल काढून घ्यायचे. पाच सामन्यांत एकूण एकवीस गोल खाल्ले. सासूबाईंनी मोजले.

“तू खूप करतेस,” ते म्हणाले. “मला फसायची गरजच पडत नाही.”

हे वाक्य मला झोंबलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला फसवाफसवीचा पाठ कुणी द्यावा? भाषेतच आहे तो. एप्रिल १६६३. लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली, महाराज सिंहगडाकडे निसटले आणि पाठलागावरची फौज गेली कात्रजच्या घाटात. कारण तिकडे झाडांना आणि बैलांच्या शिंगांना बांधलेले पलिते पेटले होते. तेव्हापासून आपण ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणतो. तो घाट आमच्या घरापासून दोन-चार बसथांब्यांवर. रात्री गच्चीतून त्या अंगाच्या डोंगराचे दिवे दिसतात. फिजिओच्या सांगण्यावरून मी तेव्हा गच्चीत वॉकर घेऊन फेऱ्या मारायचे आणि त्या दिव्यांकडे बघत विचार करायचे. पलिते तर मीही लावतेय. एकाला दोन लावतेय. बैल नाचवतेय. पण हा गृहस्थ सिंहगडाच्या वाटेवर खुर्ची टाकून बसलाय, घाटाकडे बघतसुद्धा नाही. मग खानाची माणसं का गेली?

घाईनं गेली. मध्यरात्री बेअब्रू झालेली, सेनापती जखमी, आता काहीतरी केलंच पाहिजे. ज्याला काहीतरी केलंच पाहिजे असं वाटतं, त्यालाच दिवे दिसतात.

आणि बाईंचं एक वाक्य आठवलं. “तिच्या पायांकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ.” खो-खोत दिशा खांद्यावरून ठरते. पाठलाग करणारीचा खांदा वळला की नियमानं ती बांधली गेली. म्हणून तिथे खांदा खरं बोलतो. फुटबॉलमध्ये असा नियम नाही, त्यामुळे तिथे खांद्याइतकं खोटं दुसरं काही नसतं. मी इतके दिवस चिरंजीवांच्या खेळाडूचे पाय बघत होते. पण पडद्यावरच्या खेळाडूचा खांदाही शेवटी चिरंजीवांच्या अंगठ्याचाच. मग मी पडद्याऐवजी शेजारी बघायला लागले. तिरक्या नजरेनं, सोफ्यावर. तेव्हा दिसलं की झडप घालायच्या आधी ते खालचा ओठ आत घेतात. अगदी थोडा. बालवाडीत जोडाक्षर लिहिताना घ्यायचे तसा.

(एक बाजूची गोष्ट सांगून टाकते. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्याला ड्रिब्लिंग शिकवावं लागत नाही, असं आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो आणि स्वतःच हसतो. चूक आहे. पुण्यातला दुचाकीवाला कुणालाही हूल देत नाही, तो नुसता घुसतो. हूल द्यायला समोरच्याची दखल घ्यावी लागते.)

तो सामना एप्रिलातल्या एका शनिवारी रात्रीचा. ह्यांना झोप येत नव्हती म्हणून तेही हॉलमध्ये. १-१. ऐंशी मिनिटं होऊन गेलेली, डाव्या कडेला माझ्याकडे बॉल, समोर त्यांचा बचावपटू एल टूवर वाकलेला. माझा अंगठा सवयीनं उजव्या दांडीकडे गेला. मी तो उचलला. मग डावा पण उचलला. दोन्ही दांड्या सोडून दिल्या. माझा खेळाडू बॉल पायाशी घेऊन नुसता उभा राहिला.

या खेळात उभं राहायला कुठलंही बटण लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा ते कुणी शिकवत नाही. पडद्यावर प्रेक्षकांचा गजर चालू होता. एक सेकंद. दोन सेकंद. घड्याळाचे आकडे पळत होते. बरोबरी मला चालणार होती. एकवीस गोल खाल्लेल्या बाईला बरोबरी म्हणजे दिवाळी. ती त्यांना चालणार नव्हती. आईशी बरोबरी हे उद्या मित्रांना कसं सांगणार? आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यापेक्षा त्यांना जास्त घाई होती. ह्यांनी विचारलं, “बंद पडलं का?” मी पडद्याकडे बघतच नव्हते.

ओठ आत गेला.

मी डावी दांडी किंचित, खरंच अगदी किंचित, आतल्या बाजूला ढकलली. त्यांचा खेळाडू पाय लांबवून माझ्या मागे निघून गेला. मी पुढे. समोर फक्त गोलकीपर आणि भलीमोठी जागा. तिथे मी गडबडले, गोलचं बटण फार वेळ दाबून धरलं आणि बॉल बारवरून प्रेक्षकांत गेला.

“तू काही दाबलंच नाहीस,” चिरंजीव म्हणाले. तक्रारीच्या सुरात.

सामना १-१च सुटला. त्यांनी रिप्ले लावला आणि तीनदा पाहिला. गोल झालाच नव्हता, त्यामुळे रिप्लेत बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक माणूस उभा आहे, दुसरा त्याच्या शेजारून पडत जातोय, एवढंच. ओठांचं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

मे महिन्यात फिजिओनं उभ्यानं वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा व्यायाम दिला. पावलं जमिनीवरून उचलायची नाहीत, वळायचं तर मुळीच नाही. पळणं वर्षाच्या शेवटी, तेही जमलं तर. हॉलमध्ये फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करून त्यांवर पावलं ठेवून मी सकाळी डुलत उभी असते. परवा चिरंजीव बॅग पाठीला लावून निघाले होते. मला बघून थांबले, समोर आले, गुडघ्यात वाकले, हात पसरले. एल टू.

“जा बघू पुढे,” म्हणाले.

“मला हलायची परवानगी नाहीये.”

“माहितेय.”

मी थांबले. कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, त्यांची बस होती. खालचा ओठ आत गेला आणि मी पावलं न हलवता डावा खांदा पाडला.

चपलांचं कपाट लाकडी आहे, तसं मजबूत आहे. आतून सासूबाई म्हणाल्या, “काय पडलं गं?”